दऱ्या आणि दर्या: अक्षरं जुळवणाऱ्या भाऊंना पत्र

भाऊ, सादर नमस्कार.

माझ्या राक्षस-राजकन्येच्या कादंबरीच्या दुसऱ्या पानावर 'अक्षरजुळणी' अशी ओळ होती आणि तिच्यापुढे तुमचं नाव. शेवटचं प्रूफ हातात आलं तेव्हा ती ओळच नव्हती. "राहू द्या ना ताई, आपलं कामच हाये ते," एवढंच म्हणालात. तुमचा शब्द मानून इथेही नाव लिहीत नाही. पण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळलं पाहिजे, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

तुम्हाला आठवत असेल, मी पहिल्यांदा आले तेव्हा लग्नसराई होती. टेबलावर पत्रिकांचे गठ्ठे, बाहेर दोन वरबाप ताटकळत बसलेले. माझ्या पिशवीत सात वह्या आणि मोबाईलवर टाईप केलेला अर्धा भाग. त्याआधी शहरातल्या एका प्रकाशकाने "राक्षस, राजकन्या हे लहान मुलांचं झालं, तुम्ही ग्रामीण वास्तव का लिहीत नाही?" असं कळवून हस्तलिखित परत पाठवलं होतं. ते वाक्य मला फार लागलं होतं. ग्रामीण बाईने फक्त कर्ज आणि दुष्काळच लिहायचा का? तुम्ही मात्र पहिली वही उघडली, उभ्या उभ्या तीन पानं वाचली आणि विचारलं, "हा लवणासुर आपल्या लोणारचाच ना?"

आपल्या लोणारचाच, भाऊ. माझं माहेर तिकडचं. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा मी वरच्या काठावरून ते पाहिलं. पुढे शास्त्रज्ञांनी सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. ते मला पटलं. उल्का आदळून बेसाल्ट खडकात जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला, हेही शाळेत शिकलेली मी. पण आजी सांगायची की लवणासुर जमिनीखाली राहायचा, विष्णूने त्याला बाहेर काढून मारलं आणि हे पाणी म्हणजे त्याचं रक्त. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी बसल्या, भांडल्या नाहीत. तिथून कादंबरी सुरू झाली. शेतातली लाईट रात्रपाळीची असली की हे हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जायचे. ते परत येईपर्यंत मी लिहीत बसायची.

अद्भुत गोष्टीत मनात येईल ते चालतं, असं मला तेव्हा वाटायचं. तुम्ही चौथ्या दिवशी फोन केलात. "ताई, पान ११ वर हे लोकं ज्वारीची भाकर खाते. पान ४० वर तिथंच बर्फ पडते. मंग हे ज्वारी पेरते कुठं?" मी गप्प झाले. तो बर्फ मी टीव्हीवर पाहिलेला होता. माझ्या राज्यात तो पडायचं काही कारणच नव्हतं. तुम्ही राक्षसावर शंका घेतली नाही, उडणाऱ्या पालखीवर घेतली नाही, ज्वारीवर घेतली.

मी सगळा हिवाळा काढून टाकला आणि त्या जागी वैशाख आणला. आपल्या काळ्या मातीला मे महिन्यात भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या. लहानपणी आम्ही त्यात खडा टाकायचो आणि कान लावून ऐकायचो. खडा कुठेतरी टेकल्याचा बारीक आवाज यायचा, कधी यायचाच नाही. ज्या भेगेतून आवाज येत नाही तिच्या तळाशी लवणासुराचं दार, असं मी लिहिलं. वाचक आज सगळ्यात जास्त बोलतात ते याच प्रकरणाबद्दल. हे प्रकरण तुमच्या फोनमुळे लिहिलं गेलं, हे त्यांना माहीत नाही.

मग भाषेचं. माझे पहारेकरी पुस्तकी मराठीत बोलायचे. तुम्ही म्हणालात, मराठीतलं पहिलं गद्य, लीळाचरित्र, आपल्या अमरावतीकडच्या रिद्धपुरात तेराव्या शतकात लिहिल्या गेलं, "आन् तुमचा शिपाई 'कृपया थांबा' काऊन म्हनते?" त्या रात्री मी त्याला वऱ्हाडी बोलू दिलं आणि तो पहिल्यांदा जिवंत झाला.

आणि ते दर्या प्रकरण. माझा मोबाईलवरचा मजकूर तुमच्या जुन्या फॉन्टमध्ये घेताना 'ऱ्य' मोडायचा. 'राजकन्या तीन दऱ्या ओलांडून गेली' याचं 'तीन दर्या ओलांडून गेली' झालं. दोन्ही शब्द बरोबर, दोन्ही वाक्यं बरोबर, कुठल्याच यंत्राने पकडलं नसतं. मीही प्रूफ वाचताना पुढे गेले होते. तुम्ही थांबलात, कारण तुम्ही माझ्या वहीतला नकाशा पाहिला होता. "नकाशात समुद्र नाई, मंग हे दर्या आले कुठून?" त्यानंतर २७२ पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे सतरा फर्मे, तुम्ही डोळ्यांनी चाळले. वाऱ्यावर, पायऱ्या, नवऱ्याचा, शेतकऱ्याला, प्रत्येक 'ऱ्य' पेन्सिलने गोल करून हाताने दुरुस्त केलात. ते प्रूफ मी जपून ठेवलं आहे. जाहिरातीच्या कागदाच्या मागच्या बाजूला छापलेलं, वर चहाच्या कपाचा डाग. माझ्या राज्याचा नकाशा एवढ्या गंभीरपणे दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही, घरच्यांनीसुद्धा नाही.

आयएसबीएनचंही, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचंही, सांगायला हवं, इतर लिहिणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. एका मध्यस्थाने मला त्या तेरा आकड्यांचे तीन हजार मागितले होते. तुम्ही सांगितलं की राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था तो नंबर फुकट देते, आणि शेजारी बसून अर्ज भरायला लावलात. त्या वाचलेल्या पैशांतून कागद बरा घेता आला.

तीनशे प्रती काढल्या होत्या, आता एक्केचाळीस उरल्या आहेत. आमच्या गावच्या वाचनालयातली प्रत कडेने मळली आहे. भेगांचं प्रकरण येतं तिथे कुणीतरी तुरीच्या काडीची खूण ठेवली होती.

हरभरा निघाला की दुसऱ्या भागाच्या वह्या घेऊन येते. लग्नसराईच्या आधीच येईन. नकाशा आधी पाठवते, तो नीट पाहून ठेवा. यावेळी पश्चिमेला एक दर्या खरोखरच आहे. तो तसाच राहू द्या.

तुमची,
सात वह्यांवाली ताई