एमबीए : फी नंतर, यादी आधी

महोदय,

नोकरी सांभाळून एमबीए करणारे फी पाहून ऑनलाइन किंवा दूरस्थ अभ्यासक्रम निवडतात आणि तिथेच फसतात. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नियमित पदवीच्या तोडीची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पण मान्यता सरसकट नसते, ठरावीक अभ्यासक्रमांना असते. म्हणून यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर चालू सत्राच्या यादीत विद्यापीठासमोर ‘एमबीए’ आहे का, ते स्वतः पाहावे. अशा प्रवेशासाठी लागणारा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, म्हणजे डेब-आयडीही, स्वतःच काढावा. गल्लीतल्या ‘स्टडी सेंटर’च्या हाती रोख रक्कम मुळीच ठेवू नये, विद्यापीठाला असे अभ्यासक्रम फ्रँचायझीमार्फत चालवायला परवानगीच नाही! अनुभवी नोकरदारांसाठीच्या एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रमात मात्र शेवटी पदवी मिळणार की नुसते प्रमाणपत्र, हे पहिल्या हप्त्याआधी लेखी घ्यावे.

– व्यवस्थापन विषयाचे एक शिक्षक, पुणे