फोर्ड यांना जनतेने निवडले नव्हते

महोदय,

अमेरिकेच्या अध्यक्षपदावरील आपला कालचा अग्रलेख वाचला. पात्रतेच्या अटी, म्हणजे जन्मसिद्ध नागरिकत्व, वयाची ३५ वर्षे आणि देशात १४ वर्षे वास्तव्य, आपण बिनचूक दिल्या आहेत. मात्र ‘निक्सन पायउतार झाले आणि जनतेने निवडलेले उपाध्यक्ष फोर्ड अध्यक्ष झाले’ हे वाक्य वाचून मला राहवले नाही.

या एका वाक्याने मला १९७६ सालची एक मुलाखत आठवली. एका महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या व्याख्यात्याची जागा होती. फोर्ड कसे निवडून आले, असे मला विचारण्यात आले. ते अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष म्हणून कधीच निवडून आलेले नाहीत, असे उत्तर मी दिले. त्यावर समितीतील ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ‘‘लोकशाहीत असे होत नसते.’’ मी २५व्या घटनादुरुस्तीचा उल्लेख करताच त्यांनी हातानेच मला थांबवले आणि पुढच्या उमेदवाराला बोलावले. ती जागा मला मिळाली नाही. त्याच आठवड्यात मी ग्रंथालयात बसून वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळले आणि सर्व तारखा वहीत उतरवून घेतल्या. ती वही आजही माझ्याजवळ आहे.

करचुकवेगिरीच्या प्रकरणात उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी १० ऑक्टोबर १९७३ रोजी राजीनामा दिला. १९६७ साली अमलात आलेल्या २५व्या दुरुस्तीनुसार रिकाम्या उपाध्यक्षपदासाठी अध्यक्षाने नाव सुचवायचे आणि दोन्ही सभागृहांनी बहुमताने त्याला संमती द्यायची असते. निक्सन यांनी फोर्ड यांचे नाव सुचवले, सिनेटने ते ९२ विरुद्ध ३ आणि प्रतिनिधीगृहाने ३८७ विरुद्ध ३५ मतांनी मान्य केले आणि ६ डिसेंबरला फोर्ड यांचा शपथविधी झाला. तोवर त्यांना मते दिली होती ती मिशिगनमधील एका मतदारसंघाने. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन गेले, फोर्ड अध्यक्ष झाले आणि त्यांनी सुचवलेले नेल्सन रॉकफेलर त्याच पद्धतीने डिसेंबरमध्ये उपाध्यक्ष झाले. त्यानंतर जानेवारी १९७७ पर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, त्या देशाच्या दोन्ही सर्वोच्च पदांवर त्या पदांसाठी जनतेने न निवडलेल्या व्यक्ती होत्या.

हे तपशील गाळल्यामुळे उत्तरदायित्वाचा खरा प्रश्न आपल्या लेखात आलाच नाही. ज्या निक्सन यांनी फोर्ड यांना त्या खुर्चीपर्यंत आणले, त्यांनाच फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ रोजी, खटला उभा राहण्याआधीच, संपूर्ण माफी दिली. त्यानंतर ते स्वतः प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीपुढे हजर राहिले आणि यात कोणताही सौदा झालेला नाही असे त्यांनी सांगितले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवे. पण जनतेला त्यांच्याबद्दल देशपातळीवर मत देता आले ते थेट नोव्हेंबर १९७६ मध्ये, आणि तेव्हा ते कार्टर यांच्याकडून हरले.

याच दुरुस्तीच्या चौथ्या कलमाची आपण आपल्याकडील अविश्वास ठरावाशी केलेली तुलनाही चुकीची आहे. ते कलम अध्यक्षाच्या असमर्थतेसाठी आहे; सभागृहाचा विश्वास गमावल्याशी त्याचा संबंध नाही. त्याची सुरुवात उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळाच्या बहुमताने व्हावी लागते. अध्यक्ष आपण समर्थ असल्याचे सांगत राहिले आणि उपाध्यक्ष व मंत्रिमंडळ आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले, तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते मिळवावी लागतात. महाभियोगासाठी प्रतिनिधीगृहात साधे बहुमत पुरते. म्हणजे ही वाट महाभियोगाहूनही अवघड आहे आणि आजवर ती कोणी चोखाळलेली नाही.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी अनेक मुले आपल्या अग्रलेखांची कात्रणे वहीत चिकटवतात. माझ्याकडे शंका विचारायला येणाऱ्या दोघांच्या वहीत कालचे कात्रण आधीच लागले होते. आपल्या दैनिकातील दुरुस्त्या आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली, चष्मा लावूनही वाचता येणार नाहीत इतक्या बारीक अक्षरात छापल्या जातात. त्या या मुलांच्या नजरेस कशा पडणार? म्हणून ही दुरुस्ती अग्रलेखाच्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात छापावी, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सातारा