एनएलआर पाहण्याआधी स्टेरॉइडची तारीख पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे औषध) लागू पडेल का, हे रक्तच सांगेल’ अशा बातम्या वाचून तोंड-घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक सांगली-मिरजेत त्या तपासणीची चौकशी करतात. आज निर्णयाला आधार धरतात तो बायोप्सीच्या तुकड्यावर पीडी-एल1 हे प्रथिन किती आहे ते सांगणारा स्कोअर, म्हणजे सीपीएस. रक्तातला सर्वाधिक अभ्यासलेला आकडा साध्या सीबीसीतच, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतच असतो. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी; न्यूट्रोफिलच्या टक्क्यांना लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी भागायचे, की एनएलआर मिळतो. ७८ आणि १३ असतील, तर एनएलआर ६. पाचाच्या वर गेलेल्यांचे आयुर्मान सरासरीने कमी भरते.

पण हा आकडा फसवतो फार. केमोआधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचले की काही तासांत न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. पेशी वाढवण्याचे इंजेक्शन किंवा गालातल्या जखमेत झालेला पू यांनीही तेच होते. मानेला रेडिएशनचा शेक दिला असेल तर लिम्फोसाइट कित्येक महिने कमीच राहतात. म्हणून रक्त स्टेरॉइडच्या आधी द्यावे आणि फॉर्मवर शेवटच्या डोसची तारीख लिहावी. ही तारीख बहुतेक फॉर्मवर नसतेच.

एलडीएच या पेशींमधल्या एन्झाइमच्या आकड्याची गत वेगळी. जत-आटपाडीहून प्लेन बल्ब (रक्ताची साधी नळी) सीरम वेगळे न करताच एसटीने हिंदकळत आला, की पेशी फुटतात, सीरम लालसर दिसते आणि एलडीएच खोटा वाढतो. असा नमुना परत मागवावा. त्यावर आकडा छापू नये. अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन कमी येणे मात्र बहुधा खरे असते. जबडा आखडलेल्या माणसाच्या पोटात जातेच किती? तिथे आधी नळीने आहार.

रक्तातल्या एचपीव्ही डीएनएची महागडी तपासणी टॉन्सिल, जिभेचे मूळ अशा घशातल्या गाठींसाठी आहे. आपल्याकडच्या तंबाखू-गुटख्याने झालेल्या गालाच्या कर्करोगात तिच्यावर पैसे घालू नयेत.

आणखी एक. वाढलेला एनएलआर आजाराचा जोर सांगतो. साध्या केमोवरही असे रुग्ण मागेच पडतात. अमुक औषध चालणार नाही, असे त्यातून ठरत नाही. टाटा मेमोरियलच्या चाचणीत तोंडी औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध फक्त २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. एवढ्या डोसचा खर्च पूर्ण डोसच्या मानाने किरकोळ आहे. केवळ एका सीबीसीवरून ‘उपयोग नाही’ असे कोणी सांगितले, तर संसर्ग आटोक्यात आल्यावर तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि सीपीएस विचारावा.

– एक पॅथॉलॉजी तंत्रज्ञ, मिरज