हार्ली रेस हरला त्या रात्रीविषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. तू कोल्हापूरच्या तालमीत लाल मातीत घाम गाळलेला माणूस. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती तू ‘नूरा कुस्ती’ म्हणून एका वाक्यात निकालात काढलीस याचे मला नवल वाटले नाही. तिचा निकाल आधी ठरलेला असतो हे खरेच आहे, आणि त्यावर वाद घालण्यासाठी हे पत्र नाही. मला तुला एका विशिष्ट मैदानाविषयी सांगायचे आहे. २४ नोव्हेंबर १९८३ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो कॉलिझियममध्ये ‘स्टारकेड’ या नावाने जे मैदान भरले, त्याचे चित्रण मी नुकतेच पुन्हा सलग पाहिले, आणि त्यात हरलेल्या पैलवानाविषयी तुझ्याशीच बोलावेसे वाटले. कारण चारचौघांसमोर हरणे किती अवघड असते, हे माझ्या ओळखीत तुझ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

आपण शाळेत असताना केबलवर जी कुस्ती पाहिली आणि जिच्या खेळायच्या पत्त्यांवरून पैलवानांची वजने आणि उंच्या पाठ केल्या, ती न्यूयॉर्ककडच्या एका कंपनीची, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफची होती. त्याआधी अमेरिकेत असे एकछत्री राज्य नव्हते. मैदाने भरवणाऱ्यांनी सारा देश आपसांत वाटून घेतला होता; कॅन्सस सिटी एकाची, फ्लोरिडा दुसऱ्याचा, दोन्ही कॅरोलायना आणि व्हर्जिनिया क्रॉकेट कुटुंबाचे. १९४८ मध्ये यांतील काहींनी एकत्र येऊन नॅशनल रेसलिंग अलायन्स ही संघटना काढली. दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचे नाही आणि जगज्जेता सर्वांनी मिळून एकच मानायचा, हा तिचा मूळ करार होता. या जगज्जेत्याचे काम मोठे विलक्षण असे. कमरेचा पट्टा पेटीत घालून त्याने वर्षभर गावोगाव फिरायचे, प्रत्येक ठिकाणी तिथल्या लाडक्या पैलवानाशी लढायचे, कधी कधी पूर्ण तासभर लढायचे, आणि आपला माणूस आज जिंकलाच होता, थोडक्यात हुकले, अशी गावकऱ्यांची खात्री पटवून पट्ट्यासह पुढच्या गावाला निघून जायचे. तो निघून गेल्यावर त्या गावचा पैलवान आधीपेक्षा मोठा झालेला असला पाहिजे, हीच त्याच्या कामाची कसोटी.

हार्ली रेस हा या कामातला खरा कसबी. जन्म १९४३ चा, मिझुरी राज्यातला. कुस्तीत पाय ठेवल्यावर थोड्याच वर्षांत त्याला मोटारीचा भीषण अपघात झाला; नुकतीच लग्न झालेली पत्नी त्यात गेली आणि त्याचा पाय कापावा लागण्याची वेळ आली होती. त्यातून तो उठला आणि १९७३ मध्ये प्रथम जगज्जेता झाला.

आता तुला जे मुद्दाम कळवायचे आहे ते लिहितो. पोरवयात रेस ज्या शेतावर कुस्तीचे पहिले धडे शिकला, ते शेत झ्बिश्को बंधूंचे होते. होय, तोच स्तानिस्लाव झ्बिश्को, ज्याचे नाव आपण गामा पैलवानाच्या गोष्टीत ऐकत आलो. १९१० च्या सप्टेंबरात लंडनला गामाने त्याला खाली घेतले आणि तो अडीच तासांहून अधिक वेळ मॅटला चिकटून राहिला. कुस्ती बरोबरीत सुटली, आणि पुढच्या आठवड्यात ठरलेल्या फेरकुस्तीला तो आलाच नाही. मग १९२८ मध्ये पतियाळ्याला दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत आस्मान दाखवले. तोच झ्बिश्को म्हातारपणी मिझुरीत भावासह शेती करत राहिला आणि त्या शेतावर त्याने एका दांडग्या पोराला पकडी शिकवल्या. ज्या अंगाला गामाचा हात लागला, त्याच अंगाने रेसला घडवले. तू या कुस्तीला कितीही परकी म्हण, तिच्या एका वस्तादाची पाठ आपल्याच मातीने पाहिली होती.

१० जून १९८३ रोजी सेंट लुईस येथे रेसने रिक फ्लेअरला हरवून सातव्यांदा जगज्जेतेपद मिळवले. फ्लेअर मिनेसोटात वाढलेला, पण कॅरोलायनाने त्याला आपला मानले होते. १९७५ मध्ये विल्मिंग्टनजवळ विमान कोसळून त्याचा पाठीचा कणा मोडला. पुन्हा कुस्ती नाही, असे डॉक्टरांनी सांगितले असताना तो वर्षाच्या आत उभा राहिला, आणि त्या मुलखातल्या लोकांनी हे सारे आपल्या घरात घडल्यासारखे पाहिले. त्यामुळे पुढचे कथानक जमवायला फारसे कष्ट पडले नसावेत. फ्लेअरला कायमचा बाद करणाऱ्याला २५ हजार डॉलर देईन, असे रेसने जाहीर केले. बॉब ऑर्टन आणि डिक स्लेटर या दोघांनी फ्लेअरला डोक्यावर आपटून त्याची मान जायबंदी केली. फ्लेअरने निवृत्ती सांगितली आणि मग एके दिवशी तो परत आला.

त्याच वर्षी मार्चमध्ये ग्रीन्सबरोला रिकी स्टीमबोट आणि जे यंगब्लड यांच्या जोडकुस्तीसाठी इतकी गर्दी लोटली की हजारो लोकांना दारातून परत फिरावे लागले होते. ज्यांना आत जागा मिळत नाही त्यांना आपापल्या गावी पडद्यावर कुस्ती दाखवता येईल, हे क्रॉकेट मंडळींच्या ध्यानात आले. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला कुस्तीला जाण्याची त्या भागात रीतच होती. म्हणून तोच दिवस धरला, आणि कॉलिझियममध्ये १५ हजारांहून अधिक प्रेक्षक बसलेले असताना आसपासच्या शहरांतील सभागृहांत लोक तिकीट काढून पडद्यासमोर बसले. डब्ल्यूडब्ल्यूएफचे रेसलमेनिया हे मैदान यानंतर १६ महिन्यांनी झाले. श्रेय त्याला मिळाले, कारण त्याच्याकडे गायिका, नट आणि मुहम्मद अली होते. ग्रीन्सबरोकडे फक्त पैलवान होते, आणि माझ्या मते तेच त्या मैदानाचे मोठेपण आहे.

सुरुवातीच्या कुस्त्यांविषयी फार लिहीत नाही. त्या आजच्या डोळ्यांना संथ वाटतात. मात्र रॉडी पायपर आणि ग्रेग व्हॅलेंटाइन यांची कुस्ती तू चुकवू नकोस. दोघांच्या गळ्यात कुत्र्याला बांधतात तसा जाड चामडी पट्टा आणि दोन्ही पट्टे एका लांब साखळीने जोडलेले. पंचाने सुरुवात केल्यावर पहिला ठोसा पडतच नाही. दोघे मागे मागे सरतात, साखळी ताणली जाते, आणि हात न लावता केवळ मानेच्या बळावर ते एकमेकांना खेचू लागतात. त्या दोन मानांवरच्या शिरा पाहताना मला तुमच्या तालमीतली मानेची मेहनत आठवली. पुढे व्हॅलेंटाइन पायपरच्या डाव्या कानावर साखळीने घाव घालत राहतो. पायपर शेवटी जिंकला, पण त्या कानाची ऐकण्याची शक्ती मोठ्या प्रमाणात कायमची गेली, असे तो पुढे सांगत असे. निकाल ठरलेला होता. ती इजा कोणी ठरवलेली नव्हती.

त्यानंतर स्टीमबोट आणि यंगब्लड यांनी ब्रिस्को बंधूंकडून जोडकुस्तीचे जगज्जेतेपद परत मिळवले. कुस्ती नेटकी आहे, आणि प्रेक्षकांना शेवटच्या लढतीपूर्वी जेवढे चढवायचे तेवढे तिने चढवले.

मग आखाड्याभोवती जाळीचा पिंजरा उभा केला गेला. आत रेस, फ्लेअर आणि पंच म्हणून जीन किनिस्की, जो स्वतः साठच्या दशकात याच पट्ट्याचा धनी होता. किनिस्कीविषयी आधीच सांगून टाकतो की तो या कुस्तीतला दोष आहे. तो सतत मध्ये येतो, रेसचे केस धरून त्याला ओढतो, आणि जिथे दोघांनाच मोकळे सोडायला हवे होते तिथे आपले अंग दाखवतो. पण त्याच्या आडून जे दिसते ते फार मोलाचे आहे.

रेस पहिल्या क्षणापासून फ्लेअरच्या मानेमागे लागतो. प्रेक्षकांना ती दुखरी मान ठाऊक आहे, म्हणून रेसला दुसरे काही समजावून सांगावे लागत नाही. तो घाई करत नाही. एक तडाखा, मग दोन पावले मागे, मग पुन्हा तिथेच. तो फ्लेअरचे डोके जाळीवर घासतो, सोनेरी केस रक्ताने लाल होतात, आणि सभागृहातला आवाज हळूहळू रागाकडून काळजीकडे झुकतो. चाळीस वर्षांचा रेस या सगळ्यात बलाढ्य दिसतो. तो बलाढ्य दिसल्याखेरीज फ्लेअरच्या विजयाला किंमत येणार नाही, हे त्याला पुरते माहीत आहे. आणि जेव्हा फ्लेअर उलटतो, तेव्हा तोच रेस प्रत्येक घाव असा अंगावर घेतो की मागच्या रांगेतल्या माणसालाही तो पोहोचावा. उत्तम तबलजी गवयाची समेवर येण्याची वाट जशी मोकळी करून देतो, तसे त्याचे हे काम आहे. शेवटी फ्लेअर कोपऱ्यातील दोरावर चढून आडवी झेप घेतो, किनिस्कीला अडखळून रेस मागे पडतो, तीन मोजले जातात, आणि पट्टा फ्लेअरचा होतो. सात वेळचा जगज्जेता परक्या गावात पंधरा हजार लोकांसमोर पाठ टेकतो आणि आपले वजन, आपली दहा वर्षांची पत, सगळे त्या एका झेपेखाली ठेवून देतो.

सुधीर, हे त्याने टाळायचे ठरवले असते तर त्याला टाळता आले असते, असे त्याच्या सांगण्यावरून दिसते. मैदानापूर्वी डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक व्हिन्स मॅकमेहनने आपल्याला ग्रीन्सबरोला न जाता पट्ट्यासह न्यूयॉर्ककडे येण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली होती, ही हकीकत रेस पुढे अनेकदा सांगत असे. तो गेला नाही. कॅन्सस सिटीच्या हद्दीत त्याची स्वतःची भागीदारी होती, म्हणजे त्यात त्याचा स्वार्थही होताच. पण ज्या व्यवस्थेने आपल्याला सात वेळा जगज्जेता केले तिला ऐन वेळी पाठ दाखवायची नाही, ही त्याची भूमिका मला त्या स्वार्थापेक्षा मोठी वाटते. त्याची किंमतही त्याने मोजली. १९८४ मध्ये ब्रिस्को बंधूंनी आणि इतर भागीदारांनी जॉर्जियाच्या कंपनीतले आपले हिस्से मॅकमेहनला विकले. ३१ मार्च १९८५ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला रेसलमेनिया झाला तेव्हा पायपर, व्हॅलेंटाइन, स्टीमबोट आणि ऑर्टन हे ग्रीन्सबरोच्या रात्रीचे चारही पैलवान तिकडे होते. कॅन्सस सिटीत रेसचा पैसा बुडाला, आणि १९८६ मध्ये तो स्वतः डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये जाऊन डोक्यावर मुकुट घालून राजाची भूमिका करू लागला. आपल्यापैकी अनेकांनी त्याला प्रथम त्याच वेषात पाहिले आणि तो कोण होता हे आपल्याला कोणी सांगितले नाही, याची मला खरोखर खंत वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो वारला, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मला दोन ओळीही सापडल्या नाहीत.

क्रॉकेट कुटुंबाचा कारभार १९८८ मध्ये दूरचित्रवाणी उद्योजक टेड टर्नरकडे गेला, त्यातून झालेली डब्ल्यूसीडब्ल्यू ही कुस्ती कंपनी २००१ मध्ये मॅकमेहननेच विकत घेतली, आणि स्टारकेड हे नावही त्याच्याकडे गेले. फ्लेअर मात्र त्या रात्रीपासून पुढे कैक वर्षे रेसचेच काम करत गावोगाव फिरला. त्याच्या तासभराच्या कुस्त्या पाहिल्यास की तुला रेसची चाल ओळखू येईल; समोरच्या पोराला मोठे करून स्वतः कसेबसे निसटायचे, ही ती चाल.

आता एवढेच कर. आधी साखळीची कुस्ती पाहा आणि मग थेट शेवटची पाहा. आवाज बंद करू नकोस, कारण गॉर्डन सोली आणि बॉब कॉडल यांचे समालोचन बातमी दिल्यासारखे शांत आहे. पडद्यावर रक्त वाहत असताना सोलीचा स्वर जरासुद्धा चढत नाही, आणि त्यामुळेच ते खरे वाटते. शेवटच्या कुस्तीत एकदा फक्त रेसच्या पायांकडे लक्ष ठेव. तो कुठे उभा राहतो, फ्लेअर उठेपर्यंत किती थांबतो, झेप यायच्या आधी स्वतःला कुठल्या जागी आणून ठेवतो, हे तुझ्या नजरेला माझ्यापेक्षा कितीतरी अधिक दिसेल. त्या पवित्र्यात झ्बिश्कोच्या शेतावरचे काही उरले आहे का, हे मला तुझ्याकडून समजून घ्यायचे आहे. पाहून झाल्यावर सविस्तर लिही. मत प्रतिकूल असले तरी चालेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश