दाराजवळच्या त्या दोन जागा : दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : सुपरमार्केट व मॉलमधील दिव्यांगांसाठी राखीव पार्किंगच्या गैरवापराबाबत

माननीय महोदय,

गेल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी महिन्याचं वाणसामान आणायला गेले आणि रिकाम्या पिशव्या घेऊन घरी परतले. दुकान उघडं होतं, यादी पर्समध्ये होती. दाराशेजारी निळ्या रंगात व्हीलचेअरचं चित्र काढलेल्या दोन जागाही होत्या. एकीत मोठी पांढरी गाडी उभी होती. इंजिन चालू, चारही इंडिकेटर लुकलुकत होते आणि आत एक गृहस्थ फोनवर बोलत होते. दुसरीत सामानाच्या ट्रॉल्या एकात एक अडकवून तीन रांगांत लावलेल्या होत्या.

दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. आज माझं वय ५४ आहे. उजव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, म्हणजे आधार देणाऱ्या पट्ट्यांचा सांगाडा, एका हातात कुबडी, आणि मागे दोन जास्तीची चाकं बसवलेली स्कूटर. या स्कूटरवर मी तीस वर्षं नोकरी केली, मुलीला शाळेत सोडलं, आईला दवाखान्यात नेलं. ती दुचाकींच्या रांगेत मावत नाही. साइड व्हीलमुळे तिला दोन दुचाकींची जागा लागते आणि मला उतरायला आणखी थोडी, कारण कॅलिपरचा पाय सरळच राहतो. तो बाजूला काढून, कुबडी टेकून, मग गुडघ्याचं कुलूप लावून उभं राहावं लागतं.

त्या गृहस्थांच्या काचेवर मी टकटक केलं. "दोनच मिनिटं ताई, मिसेस येतेच आहे," ते म्हणाले. मी वीस मिनिटं स्कूटरवर बसून राहिले. मध्येच दारावरचा सुरक्षारक्षक आला. विशीतला मुलगा. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मागच्या आठवड्यात एकाला गाडी काढायला सांगितली, तर त्याने आत जाऊन तक्रार केली. सुपरवायझरने मलाच झापलं. तुम्ही बेसमेंटला लावा, मी येतो सोबत." तो खरंच यायला तयार होता. पण त्या दुकानाच्या बेसमेंटचा उतार वळणाचा आहे. वळणावर साइड व्हीलची स्कूटर एका अंगाला कलते. खाली पोचलं तरी लिफ्टपाशी दोन पायऱ्या आहेत. त्याला नाही म्हणताना मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, घरपोच मागव ना." गेल्या दोन-तीन वर्षांत हा सल्ला मला अनेकांनी दिला आहे आणि तो मायेपोटीच असतो. पण मला सुट्ट्या तांदळात हात घालून बघायचा असतो, कोथिंबिरीची जुडी उलटी करून आतली पानं बघायची असतात, शेजारच्या मैत्रिणीशी डाळींच्या भावावर दोन शब्द बोलायचे असतात. दाराजवळच्या दोन जागा दुसऱ्यांनी अडवल्या म्हणून मी घरात बसावं, हे मला मान्य नाही.

महोदय, त्या जागा मोठ्या का असतात हे बऱ्याच लोकांना माहीत नाही. गैरवापराचं निम्मं मूळ तिथेच आहे असं माझं मत आहे. लोकांना वाटतं, यांना चालायला त्रास होतो म्हणून दाराजवळ जागा दिली आहे. मग 'दोन मिनिटं लावली तर काय बिघडलं' हा विचार सहज येतो. पण अंतराइतकीच रुंदी महत्त्वाची असते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींमध्ये, म्हणजे बांधकामासाठीच्या नमुना नियमांत, अशा दोन जागा प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत आणि प्रत्येकी किमान ३.६ मीटर रुंद असाव्यात असं म्हटलं आहे. नेहमीच्या गाडीच्या जागेपेक्षा ही रुंदी सुमारे मीटरभर जास्त आहे. तो मीटर कशासाठी, हे मी माझ्या एका मित्राच्या गाडीत बसून पाहिलं आहे.

त्याच्या मणक्याला अपघातात इजा झाली आणि कमरेखालची हालचाल गेली. हाताने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर चालवता येईल अशी गाडी तो स्वतः चालवतो. गाडी थांबवल्यावर तो दार पूर्ण उघडतो, सीट मागे पाडतो, शेजारच्या सीटवरून व्हीलचेअरचा सांगाडा स्वतःच्या अंगावरून ओढून बाहेर ठेवतो. मग एक चाक, मग दुसरं चाक. खटका लागल्याचा आवाज येईपर्यंत थांबतो. उशी टाकतो, ब्रेक लावतो आणि मग हातांच्या जोरावर सीटवरून खुर्चीत सरकतो. याला सहा-सात मिनिटं लागतात आणि शेजारी मीटरभर मोकळी जमीन लागते. ती नसेल तर त्याला गाडीतून उतरताच येत नाही, मग दार चार पावलांवर असलं तरी काही उपयोग नाही.

मी सोबत असताना त्याच्यावर जे ओढवलं ते याहून वाईट होतं. आम्ही खरेदी करून बाहेर आलो तर त्या मोकळ्या पट्ट्यावर कुणीतरी मोटरसायकल लावून गेलेलं. त्या माणसाला वाटलं असेल, जागा वायाच जाते आहे. आत जाऊन गाडीचा नंबर सांगितला. साबणाच्या ऑफरच्या घोषणेनंतर त्या नंबरची घोषणा झाली, पुन्हा झाली. मालक पाऊण तासाने आला. दूध, पनीर मांडीवर घेऊन माझा मित्र उन्हात बसून होता. सर्वांत जास्त त्याला छळलं ते लोकांच्या बघण्याने, असं तो नंतर म्हणाला.

काही दुकानं आपल्या परीने उपाय करतात. जागेत प्लास्टिकचा शंकू ठेवतात किंवा साखळी लावतात. हेतू चांगला आहे. पण तो शंकू हलवायला मी आधी रस्त्यात स्कूटर थांबवायची, उतरायचं, चालत जायचं, कॅलिपर लावलेल्या पायाने वाकायचं, शंकू उचलायचा आणि परत यायचं? सोबत माणूस नेमला तरच साखळीचा उपयोग आहे.

आता अखत्यारीबद्दल. या पत्राचं खरं कारण तेच आहे. दुकानाचे व्यवस्थापक मला म्हणाले, "आम्ही बोर्ड लावलाय, ग्राहकांवर जबरदस्ती कशी करणार?" वाहतूक पोलिसांच्या चौकीत उत्तर मिळालं, "ती खाजगी जागा आहे, तिथून आम्हाला गाडी उचलता येत नाही." पालिकेच्या कार्यालयात सांगितलं, "नकाशात जागा दाखवलेली आहे, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, दिलेलं आहे, पुढचं आमच्याकडे येत नाही." तिघेही माझ्याशी नीट बोलले. पण तिघांच्या मध्ये ती जागा बेवारस पडली आहे.

कायदा मात्र बेवारस नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातली 'सार्वजनिक इमारत' ही व्याख्या सरकारी इमारतींपुरती नाही. लोक जिथे व्यवहाराला येतात त्या खाजगी इमारतीही तिच्यात येतात. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा आणि वापर करता यावा यासाठीचे, नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती, ती २०२२ मध्ये संपली. कलम ८९ मध्ये दंड आहे : पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत, त्यानंतर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दृष्टिहीन कार्यकर्ते राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, त्यातले बंधनकारक कोणते ते केंद्राने वेगळे करावेत. ती याचिका २००५ सालची. या निकालापर्यंत पोचायला एकोणीस वर्षं लागली.

आपल्या राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्या दिवशी मी टीव्हीसमोर बसून होते आणि मला मनापासून आनंद झाला होता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग मोजले गेले. त्या सगळ्यांचं म्हणणं एका दाराशी नेता येईल असं मला तेव्हा वाटलं, म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

माझी पहिली विनंती अशी. मोटार वाहन कायद्यातली 'सार्वजनिक जागा' रस्त्यापुरती नाही, लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे अशी इतर जागाही तिच्यात आहे. सुपरमार्केटचं पार्किंग त्यात बसतं की नाही, यावर चौकीतल्या हवालदाराने आणि मी वाद घालत बसू नये. आपल्या विभागाने गृह आणि नगरविकास विभागांना सोबत घेऊन एक शासन निर्णय काढावा. अशा जागेतली गाडी कुणी हटवायची, दंड कुणी करायचा, दुकानाने तक्रार कुणाकडे करायची, हे त्यात नावानिशी, म्हणजे पदासह, लिहिलेलं असावं. राखीव जागेत ट्रॉल्या, खोकी, जनरेटर ठेवणाऱ्या दुकानावर थेट जबाबदारी टाकावी. तिथे चूक ग्राहकाची नसते. आणि दारावरचा रक्षक जेव्हा 'साहेब, ही जागा राखीव आहे' म्हणेल तेव्हा त्याच्या हातात त्या निर्णयाची प्रत असावी. आज त्याच्या हातात फक्त शिट्टी आहे.

दुसरी गोष्ट ओळखीची. व्हीलचेअरचं चित्र असलेलं स्टिकर कुठल्याही गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळतं, कुणीही काचेवर लावावं. माझ्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे, पण ते पर्समध्ये असतं, स्कूटरवर नाही. ब्रिटनमध्ये ब्लू बॅज नावाचं कार्ड असतं. ते गाडीचं नसतं, माणसाचं असतं. तो ज्या गाडीतून जाईल त्या गाडीत समोर ठेवायचं. आपल्याकडे याची फार गरज आहे, कारण आपल्यातले कितीतरी जण भावाच्या, शेजाऱ्याच्या किंवा भाड्याच्या गाडीतून येतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलाला घेऊन येणाऱ्या आईला ती जागा लागतेच, गाडी तिच्या नावावर असो वा नसो. यूडीआयडीला जोडलेलं, क्यूआर कोड असलेलं असं पार्किंग कार्ड राज्याने द्यावं. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्यांची नोंद तर आरटीओकडे आहेच. माझ्या आरसी बुकात वाहनाच्या वर्गापुढे 'इनव्हॅलिड कॅरिज', म्हणजे 'पंगू माणसाची गाडी', असं छापलेलं आहे. ते शब्द वाचताना दर वेळी त्रास होतो. पण तीच नोंद ई-चलानच्या मशीनवर दिसली तर निदान तिचा उपयोग होईल.

कार्डाचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरते. त्या जागेतून उतरणारा माणूस चालताना दिसला की लोक त्याच्यावर धावून जातात. पँटच्या आत जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, आहे हे बाहेरून कळत नाही. स्नायूंचा आजार असलेली व्यक्ती वीस पावलं नीट चालते आणि एकविसाव्याला खाली बसते. नुसतं बघून न्याय करायचा अधिकार मला लोकांना द्यायचा नाही. कार्ड असलं की प्रश्नच उरत नाही.

आणि कृपा करून साइड व्हीलच्या स्कूटरचा विचार नियमात यावा. मी ओळखते त्यातले बहुतेक दिव्यांग कारने फिरत नाहीत, अशाच स्कूटरवर फिरतात. नियम मात्र कारच्या मापाने बोलतात. कारच्या एका राखीव जागेत आमच्या दोन स्कूटर आरामात मावतील, फक्त तसं तिथे रंगवलेलं असावं. नाहीतर कधी कधी आम्हालाच ऐकावं लागतं, "ही कारची जागा आहे, टू-व्हीलर मागे लावा."

त्या शनिवारची तारीख, वेळ, दोन्ही जागांचे फोटो आणि माझा यूडीआयडी क्रमांक मी आपल्या कार्यालयाकडे वेगळ्या पत्राने पाठवले आहेत. एक पत्र पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयालाही दिलं आहे. दुकानाचं आणि शहराचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. हेच चित्र मी चार वेगवेगळ्या दुकानांत पाहिलं आहे, आणि एकाचं नाव घेतलं तर बाकीचे तीन सुटतील. चौकशी झाली तर सुरुवात व्यवस्थापनापासून व्हावी. दारावरच्या त्या मुलाने माझ्यासोबत बेसमेंटपर्यंत यायची तयारी दाखवली होती, त्याच्या नोकरीवर काही येऊ नये.

आपली नम्र,
महाराष्ट्रातील एक दिव्यांग नागरिक