पौषातली ओल दाखवणाऱ्या गवंडीमामांना

ती. स्व. मामा आणि मामींना,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषयच संपवता. म्हणून हे जाहीर पत्र. थंडी पडली की पाठीला पिशवी लावून जुने वाडे, घाट, देवळं बघत हिंडणारी माझ्यासारखी माणसं काही कमी नाहीत. त्यांनाही हे वाचता यावं, एवढाच माझा स्वार्थ. तुमचं नाव घालत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, "माजं नाव कशाला? भिंतीवर बांदणाऱ्याचं नाव कुटं असतंय?"

वाईला मी लहानपणापासून येते. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 साली बांधलं, हे मला पाठ होतं. तुम्ही मला देवळाच्या मागे नेलंत. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, ती का, हे समजावताना तुम्ही हाताचे दोन्ही पंजे टोकाशी जुळवून दाखवलेत: कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर आपटून दोन्ही अंगांनी फुटून जातं, देवळावर सरळ चालून येत नाही. पावसाळ्यात हे कुणी बघायला जाऊच शकत नाही. मार्गशीर्षात पात्र उतरलेलं असतं, दगडांवरचं शेवाळ वाळलेलं असतं, तेव्हा खाली जाऊन भिंत पायापासून बघता येते. गणपतीची मूर्ती बघायला रांग होती. भिंतीपाशी आपण दोघंच.

त्याआधी वाईजवळच्या मेणवलीला, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हाही, असंच झालं होतं. तिथे येणारा प्रत्येक जण आधी घंटेशी थांबतो, आणि का थांबू नये? 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तिथली ती घंटा, आता मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेली. मीही तिचेच फोटो काढत होते. तुम्ही घाटाच्या पायरीवर ऊन खात बसला होता. "घंटा काय, कुटं जात न्हाई. ऊन जाईल. आदी दगड बगून घ्या," हे तुमचं मला ऐकवलेलं पहिलं वाक्य. सकाळचं हिवाळी ऊन आडवं येतं, त्यामुळे दगडावरचे टाकीचे (छिन्नीचे) घाव एकेक उठून दिसतात. कुठे घाव बारीक आणि सरळ, कुठे भरभर मारलेले. दहा वाजून गेले की तेच दगड सपाट दिसायला लागतात. तुम्ही घावांवरून सांगत होता, हा हात वेगळा, तो हात वेगळा. पटतं का नाही ते मला ठरवता येत नव्हतं, पण त्या दिवसापासून मी पाथरवटांचे हात शोधायला लागले आहे.

नाना फडणविसांचा तिथला वाडा सहा चौकांचा, म्हणजे आत सहा उघडी अंगणं. 1768 साली गाव नानांना इनाम मिळालं, नानांचं दप्तर, म्हणजे कागदपत्रं, पुढे इथेच राहिलं आणि मेणवली दप्तर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक झालं. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं, आणि तुम्हाला मोठ्या उत्साहाने सांगितलंही. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "आता डिसेंबरात ऊन कुटल्या सोप्यात येतं ते बगितलंस का?"

नव्हतं बघितलं. सोपा म्हणजे चौकाकडे उघडी असलेली पडवी. तिथून मग चौकाचा धडा सुरू झाला, आणि या पत्राला खरं कारण तोच आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे भर दुपारीही तो जेमतेम 49 अंशांवर असतो. म्हणून चौकाच्या उत्तरेकडच्या सोप्यात ऊन थेट आत, भिंतीच्या दिशेने सरकतं, आणि म्हातारीकोतारी, बाळंतिणी, वाळवणं सगळी तिथे. मे महिन्याच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो. तेव्हा तोच सोपा पूर्ण सावलीत. पंख्याशिवाय, विजेशिवाय, फक्त सोप्याची खोली आणि छपराची उतरण किती ठेवायची एवढ्या हिशेबावर घर दोन्ही ऋतू सांभाळायचं. मी राहते त्या इमारतीत थंडीत बाल्कनीत ऊन येत नाही आणि उन्हाळ्यात हटत नाही. नकाशा संगणकावर काढलेला आहे म्हणे.

ओलीचा धडा त्याहून मोठा. पावसात सगळ्याच भिंती ओल्या, त्यात काही कळत नाही, असं तुम्ही म्हणालात. दिवाळीपर्यंत निम्म्या वाळतात. पौषात जी ओली राहते तिचं दुखणं खरं. तुमच्या गावातल्या त्या वाड्यात तुम्ही मला भिंतीवरून हात फिरवायला लावलात. जोतं घडीव काळ्या दगडाचं, वर चुन्यात बांधलेली वीट. ज्या अंगाला जुना चुन्याचा गिलावा शिल्लक होता तिथे भिंत कोरडी ठणठणीत. ज्या अंगाला कुणीतरी सिमेंट थापलं होतं तिथे हाताला गारवा, आणि त्याच्या वर पांढरा क्षार फुटलेला. जमिनीतली ओल विटेतून चढते, चुना तिला बाहेर सोडतो, सिमेंट सोडत नाही. मग ती वर वर सरकते आणि विटेचा भुगा करते. बाहेरून गिलावा मात्र नवाकोरा. "दुरुस्ती" या नावाखाली किती जुन्या भिंती अशा मारल्या जातात, हे मला आता जिथे जाईन तिथे दिसतं. हे दाखवल्याबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी? कारण मजेत हिंडायचं सुख तुम्ही थोडं हिरावून घेतलंत, मामा.

पोरवयात तुम्ही चुन्याची घाणी चालवलेली. दगडी चाकाखाली चुना आणि वाळू मळली जायची, बैल गोल फिरायचे, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी पडायचं. "लोण्यासारका व्हायला पायजे, तवा थांबायचं," म्हणताना तुमची बोटं हवेतच चुना चोळत होती. आता तसं काम मागायला कुणी येतं का, विचारलं तर तुम्ही हसलात. तुमच्यासारखी माणसं घराघरांत बसून आहेत आणि आम्ही परिसंवाद भरवतो. असो.

वाडा पडतो कसा, हेही तुमच्याकडूनच कळलं. मला वाटायचं, म्हातारपणाने. तुम्ही म्हणालात, कौलाने. एक कौल फुटतं, पाणी तुळईच्या भिंतीतल्या टोकावर पडत राहतं, टोक कुजतं, वाळवी लागते. खांब बिचारे दगडी तळखड्यावर उभे असतात, त्यांना जमिनीची ओल लागत नाही, ते शंभर वर्षं तसेच. पण वरून तुळई बसली की सगळं खाली. आणि ते एक कौल बदलायचं कुणी? घराच्या उताऱ्यावर वारसांची नावं मावत नाहीत; कुणी पुण्याला, कुणी ठाण्याला, कुणी दुबईला. प्रत्येकाला वाटतं खर्च दुसऱ्याने करावा. हे सांगताना तुम्ही कुणालाच नावं ठेवली नाहीत. मी ठेवली असती.

मामी, आता तुमचे आभार. तुम्ही नसता तर मी आयुष्यभर वाडे देवडीपर्यंतच, म्हणजे दारातल्या पहारेकऱ्याच्या जागेपर्यंतच, बघत राहिले असते. "फोटू मागनं काड, आदी बस," म्हणून तुम्ही मला ओसरीवर बसवलंत. चहा, मग गरम भाकरी आणि पावट्याची आमटी. त्यानंतर स्वतःच उठून शेजारच्या वाड्यातल्या काकूंकडे घेऊन गेलात. त्यांनी माजघर दाखवलं. भिंतीतलं बळद दाखवलं, वरून धान्य ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं ते. भोकाला अजून शेणमातीचं लिंपण होतं. बाहेरच्या महिरपी आणि कोरीव तोडे बघून मालकाची ऐपत कळते. त्या घरात किती माणसं जेवत होती, ते बळदावरून कळलं. अनोळखी बाई एकटी कॅमेरा घेऊन आली तर दार उघडणं सोपं नसतं, हे मला माहीत आहे. तुमच्या शब्दावर ती दारं उघडली.

आता दुसऱ्या गावात गेले तरी मी तुमची रीत पाळते. दिंडी (मोठ्या दरवाज्यातलं लहान दार) उघडी असली तरी आत शिरायचं नाही. देवडीत उभं राहून हाक मारायची. उत्तर आलं नाही तर परत फिरायचं, वाडा कितीही सुंदर असो. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर बघायला गेले तेव्हा तिथे आवाजी घोळका आला होता, ड्रोन वगैरे. मी खालच्या पायऱ्यांवर थांबले. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या घरातल्या विरूबाईंनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली ती अष्टकोनी विहीर, मधे महाल, वर मोटांच्या जागा. नाव बाराचं, जागा पंधरा मोटांची. घोळका गेल्यावर तुम्ही सांगितलेलं करून बघितलं: कमानीखाली उभं राहून आधी दगडांचे सांधे बघायचे, कोरीवकाम नंतर. चावीचा दगड, कमानीच्या मधोमध बसवलेला, ओळखता आला. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

हिवाळ्यात ही छोटी गावं रिकामी वाटतात असं शहरातली माणसं म्हणतात. त्यांनी वाईच्या आसपास हळद शिजायला लागल्यावर यावं, त्या वासातून चालावं. किंवा माघात यावं, कृष्णाबाईच्या उत्सवाला, घाटाघाटांवर आळीपाळीने मांडव पडतात तेव्हा. शांतता असते ती सुटीच्या दिवसांतल्या गर्दीच्या मानाने. कामं चालूच असतात.

मामा, तुम्ही मागितलेले फोटो कागदावर छापून घेतले आहेत, मोठे, चष्म्याशिवाय दिसतील असे. घाटाचे दगडही त्यात आहेत आणि ती ओली भिंतही. काकूंच्या मुलाशी बोलणं झालं. त्या भिंतीवरचं सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करायला तो तयार आहे, पण गवंडी कोण, हे विचारत होता. मी तुमचं नाव सांगून बसले आहे. तुम्ही फक्त बसून सांगायचं, हात दुसऱ्यांचे. संक्रांत झाली की येते. कळीचा चुना कुठून आणायचा आणि किती, तेवढं मामींना फोनवर सांगून ठेवा, तुम्ही बोलायला लागलात की "जेवलीस का" वर जाता.

तुमची,
पुण्याची ताई