फझ पेडल वाजलं, त्याबद्दल आभार

किटवरून घरीच फझ फेस धाटणीचं गिटार पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणारी पायाने दाबायची डबी, बांधून झालं. सर्किट १९६६चं, भाग जेमतेम डझनभर, पण जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर महा नखरेल. हवा तापली की बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरला नीट चालवणारं ठरावीक व्होल्टेज, सरकतो, आणि पुण्यातला एप्रिल तुम्हाला माहीतच आहे.

तपकीर गल्लीतल्या ज्या दुकानदारांनी ऐन गर्दीत प्रत्येक ट्रान्झिस्टरचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो) आणि लीकेज (नको असताना झिरपणारा करंट) मोजून जोडी लावून दिली, त्यांचे आधी आभार. एवढा वेळ आजकाल कोण देतं? दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर साडेचार व्होल्टच्या आसपास येईस्तोवर ट्रिमपॉट (बायस जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवायचा, पुढचं कानावर सोडायचं, हे फोनवर समजावणारे काका, तुमचेही. यातले ट्रान्झिस्टर पीएनपी जातीचे, म्हणजे बॅटरीचं धन टोक ग्राउंडला, बाकीच्या पेडल्सच्या उलट. बाकीच्या पेडल्सच्या अडॅप्टरवर हे जोडलं तर थेट शॉर्ट, म्हणून वेगळी ९ व्होल्टची बॅटरी, हा सल्लाही त्यांचाच.

अ‍ॅल्युमिनियमच्या डबीला सुबक भोकं पाडून देणारे फॅब्रिकेशनवाले दादा, चहा उधार आहे.

आणि खालच्या मजल्यावरच्या आजी, सगळा आवाज सहन करून वर काळजीने विचारायला आलात. मिक्सर ठीक आहे हो आमचा.